‘फिट’ बसत नाही म्हणजे नक्की कुठे बसत नाही?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या कुणाला रंगावरून, नावावरून, उच्चारावरून कामाच्या जागी काही सोसावं लागलं असेल तर कळवा, आणि मग जी पत्रं सुरू झाली ती थांबेचनात. निम्मी अधिक एनएचएसमधली, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांतली. मी स्वतः १९ वर्षं तिकडे एका हॉस्पिटल ट्रस्टच्या (ट्रस्ट म्हणजे एनएचएसची हॉस्पिटलं चालवणारी सरकारी संस्था) एचआरमध्ये काढलीत, म्हणजे ज्या टेबलाबद्दल तुमच्या तक्रारी आहेत त्याच टेबलाच्या पलीकडे बसून, त्यामुळे उत्तरं थोडी आतल्या गोटातली आहेत. पत्रं कापून छोटी केलीत, गावं बदललीत. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

ताई, मी मूळचा मिरजेचा. ईस्ट मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात सात वर्षं स्पेशालिटी डॉक्टर आहे. वरच्या म्हणजे स्पेशालिस्ट ग्रेडच्या पोस्टसाठी तिसऱ्यांदा इंटरव्ह्यू दिला आणि तिसऱ्यांदा नकार. ज्यांची निवड झाली त्यातल्या दोघांना सुरुवातीला काम मीच शिकवलेलं. फीडबॅक मागितला तर म्हणे ‘टीममध्ये फिट’ कोण बसेल ते बघितलं. गंमत म्हणजे मला कधी कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही, सगळे फार गोड आहेत, ख्रिसमसला जेवायला बोलावतात. मग याला रेसिझम म्हणायचं, का माझ्याच डोक्यात काहीतरी आहे? बायको म्हणते तू फार विचार करतोस.

डॉक्टर, बायकोला सांगा की थोडा विचार करणं गरजेचं आहे.

तुमच्या एका इंटरव्ह्यूत काय झालं ते पत्रावरून कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. पण तुम्ही ज्या यंत्रात उभे आहात ते यंत्र कुठे कलतंय हे मात्र आकड्यांत दिसतं, आणि ते आकडे तिथलं सरकारच छापतं. २०१५ पासून एनएचएसच्या प्रत्येक ट्रस्टला दरवर्षी नऊ मोजमापं जाहीर करावी लागतात, त्याला वर्कफोर्स रेस इक्वॅलिटी स्टँडर्ड म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसतं ‘रेस’ म्हणायचे. त्यातलं एक माप असं की शॉर्टलिस्ट झालेल्यांपैकी नेमणूक कुणाची होते. शॉर्टलिस्ट झालेले, बरं का! म्हणजे शिक्षण अनुभव सगळं बघून ज्यांना पॅनलनेच बोलावलंय ते. तर २०१६ मध्ये गोऱ्या उमेदवाराची नेमणूक होण्याची शक्यता इतरांच्या १.५७ पट होती, आणि २०२३ मध्ये? १.५९ पट. सात वर्षं ट्रेनिंगं झाली पोस्टरं लागली, लोकांनी छातीवर बिल्ले लावले, आणि आकडा जागचा हलला नाही.

आता दुसरं माप बघा. शिस्तभंगाची कारवाई कुणावर होते. २०१६ मध्ये गोऱ्यांच्या तुलनेत बाकीच्यांवर ती होण्याची शक्यता १.५६ पट होती, म्हणजे जवळपास तेवढीच वाईट. २०२३ मध्ये ती १.०३ वर आली, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. तेच लोक, तेच मॅनेजर, तोच चहा. मग इथे बदललं काय? मनं तर काही कुणी धुऊन आणली नव्हती. झालं असं की बऱ्याच ट्रस्टनी एक पायरी वाढवली, मॅनेजरने परस्पर फाईल उघडायची नाही, आधी त्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या कुणीतरी बघायचं की ही खरंच कारवाईची गोष्ट आहे का नीट बोलून मिटणारी. एवढंच. मॅनेजरचा हात फाईलपर्यंत जायच्या आधी त्याला कुणीतरी ‘का?’ विचारणारं आलं. नेमणुकीच्या वेळी असा ‘का?’ विचारणारं फारसं कुणी नसतं.

आणि तिथे काय चालतं ते मी सांगते, कारण मी बसलेय. इंटरव्ह्यू झाला की पॅनलवरचे तिघं आपापल्या कागदावर मार्क लिहितात. पेन्सिलने. मग दार लावून चर्चा होते, मग कुणीतरी म्हणतं, अमका आपल्यात पटकन रुळेल नाही, आणि मग खोडरबर बाहेर येतं. ज्याला घ्यायचं ठरलं त्याचे मार्क वाढतात, दुसऱ्याचे एक-दोनने उतरतात, आणि शेवटी पेनने जो आकडा जातो तो बघून कुणालाही वाटेल की अरे वा, चुरशीची लढत होती. यात कुणी दुष्ट नसतं हो! ज्याच्याबरोबर आपण कॉफी पितो तो आपल्याला ‘तयार’ वाटतो एवढंच. आणि तो तयार असतोही, कारण मागच्या वर्षी कुणीतरी रजेवर गेलं तेव्हा सहा महिने ती वरची जागा जाहिरात न देता त्यालाच सांभाळायला दिलेली असते. मग इंटरव्ह्यूत प्रश्न येतो, या पातळीवर काम केलंय का? त्याने केलंय. तुम्ही नाही, तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही विचारलंत की कुणी वाईट बोललं नाही तर याला काय म्हणायचं. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या काळ्या तरुण मुलाचा बसस्टॉपवर खून झाला आणि पोलिसांनी तपासाची माती केली, त्यावर सर विल्यम मॅकफर्सन यांचा चौकशी अहवाल १९९९ मध्ये आला. त्यात संस्थेतल्या वंशभेदाची जी व्याख्या आहे तिचा रोख माणसाच्या द्वेषावर नाहीच, संस्था म्हणून लोकांना त्यांच्या रंगामुळे, संस्कृतीमुळे, मूळ वंशामुळे योग्य वागणूक देता न येणं हे ते अपयश आहे, आणि ते नकळतच्या पूर्वग्रहातून, अज्ञानातून, बेफिकिरीतूनही होतं असं तिथे स्पष्ट म्हटलंय. तेव्हा ख्रिसमसचं जेवण आणि तीन नकार हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

करायचं काय तर, पहिलं म्हणजे फीडबॅक तोंडी घेऊ नका. कुठल्या निकषाला किती मार्क पडले ते लेखी मागा. नाही दिलं तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज, टाका, तुमच्याबद्दलच्या पॅनलच्या नोंदी हा तुमचा वैयक्तिक डेटा आहे, साधारण महिन्याभरात द्यावा लागतो, पेन्सिलवालासुद्धा, फेकून दिला नसेल तर. दुसरं, तुमच्या ट्रस्टचे रेसचे आकडे वेबसाईटवर असतात ते काढा आणि पुढच्या अप्रेझलला समोर ठेवा, आवाज न चढवता. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पुढच्या वेळी कुणी रजेवर जातंय असं कानावर आलं की त्याच दिवशी ईमेल करा की ही जागा तात्पुरती सांभाळायला मी इच्छुक आहे. आपण मिरजेकडची माणसं, विचारल्याशिवाय पुढे पुढे करायचं नाही हे घरात शिकलेलो. तिथे विचारत नाहीत.

माझा मुलगा मँचेस्टरला एमएससी करून नोकरी शोधतोय. नाव ज्ञानेश्वर. मित्र म्हणतात सीव्हीवर ‘डॅन’ लिही. यांना ते अजिबात पसंत नाही, घरात दोन आठवडे तोच विषय आहे. तुमचं मत सांगा. — नाशिक

मत काय सांगू, मित्रांचं निरीक्षण बरोबर आहे आणि यांचा रागही बरोबर आहे.

तिथे हे तपासून बघितलंय. २००९ च्या सरकारी अभ्यासात सारखीच पात्रता, सारखाच अनुभव असलेले खोटे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. इंग्रजी नावाला एक बरं उत्तर यायला सरासरी ९ अर्ज लागले, आशियाई किंवा आफ्रिकी वाटणाऱ्या नावाला १६. दहा वर्षांनी ऑक्सफर्डच्या नफिल्ड कॉलेजातल्या संशोधकांनी परत तसंच केलं, तर गोऱ्या ब्रिटिश अर्जांपैकी २४ टक्क्यांना होकारार्थी उत्तर आणि बाकीच्यांना १५ टक्के. म्हणजे तुमच्या मुलाला दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त अर्ज टाकायचेत ही मनाची तयारी आधीच ठेवा, दहा नकार आले की तो नालायक आहे असं फोनवर सुचवू नका.

पण २००९ च्या त्याच अभ्यासात एक गोष्ट होती जी फार कुणी सांगत नाही. जिथे सीव्ही न घेता कंपनीचा स्वतःचा ठरलेला फॉर्म भरून घेत होते, तिथे हा फरक जवळजवळ दिसलाच नाही. सरकारी नोकऱ्यांतही अगदी थोडा. अशा फॉर्मवर नाव बऱ्याचदा वेगळ्या पानावर असतं, मग वाचणाऱ्याला ते दिसतही नाही. तेव्हा ज्ञानेश्वरला म्हणावं आधी असे फॉर्मवाले शोध, डॅनचं नंतर बघू. त्याने डॅन लिहिलंच तरी घरात बोल लावू नका, पोट त्याला भरायचंय. आणि यांना म्हणावं, ज्या ज्ञानेश्वरांवरून नाव ठेवलंत त्या भावंडांनाही एका शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागलीच होती ना, आपल्याच माणसांपुढे.

ताई मी नांदेडची, नर्स, बँड ५ म्हणजे नर्सची पहिली पगारश्रेणी, सहा वर्षं झाली. मार्चमध्ये एका पेशंटने माझा हात झटकला आणि तू नको, इंग्लिश नर्स पाठवा असं सगळ्यांदेखत ओरडला. मॅनेजरने मला दुसऱ्या बाजूच्या बेडना लावलं, म्हणाली तुझ्याच भल्यासाठी. मी लेखी तक्रार केली तर तेव्हापासून रोटात म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात सगळ्या नाईटच येतायत आणि आता माझा ‘टोन’ बरोबर नाही म्हणून मीटिंग आहे. मैत्रीण म्हणते कोर्टात जा. माझा व्हिसा ट्रस्टच्या स्पॉन्सरशिपवर आहे. युनियनवर विश्वास ठेवावा का?

अगं, आधी कॅलेंडर काढ.

तिथला नियम असा की भेदभावाची केस ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, न्यायची तर घटनेपासून तीन महिने उणे एक दिवस एवढ्यात पहिलं पाऊल टाकावं लागतं. ही मुदत वाढवायचं चाललंय पण त्या भरवशावर एक दिवसही राहू नको. आणि इथे आपल्या मुली हमखास फसतात, त्यांना वाटतं मी ग्रीव्हन्स म्हणजे ऑफिसातली लेखी तक्रार टाकलीय, त्याचा निकाल लागू दे मग बघू. ग्रीव्हन्सचं घोंगडं चार-पाच महिने भिजत पडतं आणि घड्याळ मात्र चालूच असतं. ते थांबतं फक्त एकासकडे म्हणजे तडजोडीच्या सरकारी संस्थेकडे अर्ज केला की. तो फुकट असतो, ऑनलाईन होतो, त्याने तू लगेच कोर्टात जात नाहीस, फक्त दार उघडं राहतं.

मार्चची गोष्ट वेगळी आणि त्यानंतरची वेगळी, हे मनात पक्कं कर. पेशंट बोलला ते वाईटच, आणि २०२० पासून एनएचएसची भूमिका अशी आहे की जीवावरचं दुखणं नसेल तर वर्णद्वेषी वागणाऱ्या पेशंटला उपचार नाकारता येतात, तेव्हा त्याला समज द्यायची सोडून तुला हलवलं हे मॅनेजरचं चुकलंच. पण कायद्याने बघितलं तर तक्रारीनंतर जे सुरू झालंय, नाईट, टोन, मीटिंग, ते जास्त गंभीर आहे. भेदभावाची तक्रार केली म्हणून त्रास देणं याला २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये व्हिक्टिमायझेशन म्हणतात आणि तो स्वतंत्र गुन्हा, म्हणजे फौजदारी नव्हे पण स्वतंत्र दावा आहे. त्यासाठी अमुक वर्षं नोकरी झाली पाहिजे अशी अट नाही. तक्रारीच्या आधीच्या सहा महिन्यांचा रोटा आणि नंतरचा रोटा, दोन्हींचे फोटो काढून घरच्या ईमेलवर ठेव, पेशंटांची नावं वगळून. मीटिंगला एकटी जायचं नाही. आणि तिथे ‘मला असं वाटलं’ असं न बोलता ‘या तारखेला या वेळी हे शब्द’ असं बोलायचं.

व्हिसाची भीती खोटी नाही. नोकरी सुटली तर नवीन स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, म्हणून रागाच्या भरात राजीनामा हा विषयच काढायचा नाही. नोकरीत राहून तक्रार करणं हा तुझा हक्क आहे, आणि नर्स हव्यात म्हणून तर तुला विमानात बसवून नेलंय त्यांनी.

युनियनवर विश्वास ठेवावा का? छान विचारलंस. ब्रिस्टल शहरात १९६३ मध्ये बसवर काळा किंवा आशियाई कंडक्टर ठेवत नसत. गाय बेली नावाच्या मुलाचा इंटरव्ह्यू ठरला, तो काळा आहे कळल्यावर रद्द झाला. त्यावर पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट वगैरेंनी ३० एप्रिलपासून बसवर बहिष्कार टाकला, चार महिने चालला, आणि २८ ऑगस्टला कंपनीने माघार घेतली, तिकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं तोच दिवस. पहिला नेमला गेलेला कंडक्टर कोण होता माहितेय? रघबीर सिंग, पगडीवाले सरदारजी. म्हणजे लढाई कॅरेबियन लोकांनी सुरू केली आणि त्या दारातून पहिला आत गेला तो आपल्याकडचा, हे आपले लोक फार लवकर विसरतात. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ही बंदी एकट्या कंपनीची नव्हती, तिथल्या युनियनच्याच लोकांनी १९५५ मध्ये तसा ठराव केला होता! युनियनने माफी मागितली ती २०१३ मध्ये. तेव्हा युनियन म्हणजे देव नव्हे, पण तिच्याशिवायही भागत नाही. मेंबर हो, आजच, कारण आधी घडलेल्या प्रकरणाला नंतर मेंबर झालेल्यांना वकील द्यायला त्या खळखळ करतात. आणि वॉर्डातलीच प्रतिनिधी मॅनेजरची मैत्रीण असेल तर रीजनल ऑफिसला फोन करून दुसरी माग, लाजू नको.

रेडिंगमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत टीम लीड आहे. कंपनीने मला रेस नेटवर्कचा, म्हणजे वंशभेदाच्या प्रश्नावरच्या कर्मचाऱ्यांच्या गटाचा, को-चेअर केलंय. ऑक्टोबरात ब्लॅक हिस्टरी मंथला फूड स्टॉल आणि सगळ्यांना अनकॉन्शस बायसचं, म्हणजे नकळतच्या पूर्वग्रहाबद्दलचं, दोन तासांचं ट्रेनिंग असा प्लॅन आहे. यातून काही होतं का? मला मनापासून काहीतरी करायचंय.

समोसे होतात.

थट्टा नाही करत, समोसे मीही तळलेत, बॉस येऊन फोटो काढून गेले. ट्रेनिंगचं म्हणाल तर डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या खात्यांतलं अनकॉन्शस बायसचं ट्रेनिंग बंद करायचं ठरवलं, कारण काय दिलं तर त्याने माणसाचं वागणं बदलतं असा पुरावा नाही. त्यामागे त्यांचं राजकारण होतंच, पण एवढा मुद्दा चुकीचा नव्हता. दोन तास ऐकून माणूस घरी जातो आणि सोमवारी परत खोडरबर हातात घेतो.

तेव्हा को-चेअर होण्याआधी दोन अटी घाला. एक, या कामाचे तास तुमच्या कामात धरले जावेत, नाहीतर गोरा सहकारी त्या वेळात बढतीचं काम करतो आणि तुम्ही स्टॉलचं, वर्षाच्या शेवटी बढती त्याला. दोन, आकडे मिळावेत. कुणी अर्ज केला, शॉर्टलिस्ट कोण झालं, नेमलं कुणाला, बढती कुणाला, सोडून कोण गेलं, पगारात फरक किती. २५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला बायका आणि पुरुषांच्या पगारातला फरक २०१७ पासून जाहीर करावाच लागतो, वंशाप्रमाणे करणं मी हे लिहितेय तोवर सक्तीचं नाही, पण करायला बंदी पण नाही. एचआर म्हणेल डेटा अपुरा आहे. म्हणा, मग आधी तो गोळा करू, समोसे पुढच्या वर्षी. आणि आशियाई अशी एकच मोट बांधू नका, वेगवेगळं काढा, नाहीतर आपले चार मॅनेजर दिसले की कंपनी खूश आणि आफ्रिकी, कॅरेबियन माणूस तळमजल्यावरच.

मग दोनच नियम मागा. पॅनलवरच्या प्रत्येकाने मार्क पेनने लिहायचे आणि चर्चेआधी एका बाहेरच्या माणसाकडे द्यायचे, नंतर बदलले तर कारण लिहायचं. तात्पुरती जागासुद्धा जाहिरात देऊनच भरायची. याला पैसे लागत नाहीत आणि म्हणूनच बहुधा याला विरोध जास्त होतो. कुणी म्हणालं की हे आरक्षण झालं, तर सांगा की तिथल्या कायद्यात कोटा बेकायदेशीरच आहे, फक्त दोन उमेदवार अगदी तोडीस तोड असतील तर कमी प्रमाणात असलेल्या गटातल्याला घेता येतं, तेही तसंच सरसकट धोरण न करता. मार्क पेनने लिहिणं याला आरक्षण म्हणत असतील तर मग प्रश्नच मिटला.

मी बौद्ध, हाऊन्स्लोमध्ये राहतो, आयटी. आमच्या कंपनीच्या रेस नेटवर्कची प्रमुख आपली मराठी बाई आहे, स्टेजवर फार छान बोलते वर्णभेदावर. टीममध्ये नवीन मराठी माणूस आला की हिचा पहिला प्रश्न, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, मग गणपतीला बोलावणार का नाही ते त्यावर. माझं आडनाव कळल्यावर लंचचं बोलावणं बंद झालं आणि दोन महिन्यांत मी क्लायंट कॉलवरूनही बाहेर. तक्रार करायची तर तिच्याकडेच करायची. हा पण रेसिझमच ना? छापाल का माहीत नाही.

छापतेय.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण विमानात बसून गेली तरी बदलत नाही. गोऱ्याने ‘फिट’ म्हटलं की आपल्याला लगेच झोंबतं आणि आपण ‘आपल्यातला’ म्हणतो ते आपल्याला ऐकूही येत नाही, शब्द एकच आहे. तुम्ही लिहिलंय तेच यंत्र आहे हे, लंच, मग कॉल, मग बढती. मिरजेच्या डॉक्टरांची कॉफी आणि तुमचं लंच यात मला तरी फरक दिसत नाही, फक्त टेबलावर कोण बसलंय ते बदललं.

कायद्याचं सांगते. इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व, आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. जात हा शब्द त्यात घालायचं संसदेने २०१३ मध्ये ठरवलं होतं, सरकारने टाळाटाळ केली आणि २०१८ मध्ये सांगितलं की घालणार नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. तो निकाल म्हणजे मिल्टन कीन्समधल्या घरकाम करणाऱ्या एका बिहारच्या आदिवासी बाईंची केस. साडेचार वर्षं दिवसाचे अठरा-अठरा तास राबवून तासाला ११ पेन्स. अपिलात २०१४ मध्ये ठरलं की जात ही ‘वांशिक मूळ’ यात बसू शकते, आणि २०१५ मध्ये नुसत्या थकलेल्या पगारापोटी त्यांना जवळपास १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले. तेव्हा तुमची तक्रार लिहिताना ‘कास्ट’ एवढाच शब्द लिहून थांबू नका, ‘एथनिक ओरिजिन’वरून भेदभाव असं लिहा आणि कॉलच्या तारखा जोडा. नेटवर्कच्या बाईंकडे तक्रार करायची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही, त्या कमिटीला असा कुठलाही अधिकार नसतो. सरळ एचआरला, नाहीतर युनियनला. मात्र एक तयारी ठेवा, गोऱ्या एचआरला हे कळायला वेळ लागतो, त्यांना वाटतं हे तुमच्या समाजातलं भांडण आहे. आणि हे ‘आपल्यातलं’ माझ्या हातूनही एकदा झालंय.

आता ते सांगूनच टाकते. एका पॅनलवर मी एचआरची म्हणून होते. दोन उमेदवार, एक नायजेरियन बाई आणि एक पुण्याची. माझ्या पेन्सिलच्या कागदावर नायजेरियन बाई दोन मार्कांनी पुढे होत्या. चर्चेत कुणीतरी म्हणालं त्यांचे उच्चार पेशंटना कळतील का, आणि मी, जिचे स्वतःचे उच्चार पहिली दोन वर्षं कुणाला कळत नव्हते ती मी, मान डोलावली आणि खोडलं. पुण्याच्या मुलीचं आडनाव मला ओळखीचं होतं. बस, तेवढंच कारण. कुणाला काही कळलं नाही, फाईल स्वच्छ आहे, आजही असेल.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचा आणि इथल्या शूद्रातिशूद्राचा प्रश्न एकच आहे हे त्यांना तेव्हा दिसलं होतं. आपली मंडळं लंडनला गेली की १० किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांच्या घरासमोर फोटो काढतात, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलेलं ते घर, आणि परत येताना गाडीत आडनाव विचारतात. तुमच्या त्या बाईंनीही तिथला फोटो नक्की टाकला असेल. बघा, असेलच.

तुमची पुढची चिठ्ठी आली तर मला आवडेल, काय झालं ते कळवा, चांगलं वाईट काहीही.

ऑफिसात दोन वर्षं मला दुसऱ्या इंडियन बाईच्या नावाने हाक मारतात. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे आणि तमिळ आहे. काय करू? — लीड्स

पहिल्यांदा हसून सांगायचं, दुसऱ्यांदा न हसता, तिसऱ्यांदा ओ द्यायची नाही. आणि त्या बाईंना एकदा जेवायला घेऊन जा, त्यांना दोन वर्षं तुझ्या नावाने हाक मारत असणार.